हॉट रॉड, पुळण-शर्यतीची

हॉट रॉड, पुळण-शर्यतीची : जुन्या, शक्यतो १९३५ पूर्वीच्या धाटणीच्या मोटारीचे मडगार्ड, टप, बंपर इ. उतरवून, इंजिनाची ताकद वाढवून पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर, सरळ पट्ट्यात पळवण्यासाठी बांधलेली मोटार. शर्यत बहुधा दोन गाड्यांची, उभ्या स्थितीतून सुटणारी आणि एक-अष्टमांश मैलाची (सुमारे २०१ मी.) असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नाशिक परिसरात मिळणाऱ्या सुट्या भागांतून कमी खर्चात करता येणाऱ्या बांधणीचा विचार केला आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मत १९०३ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑर्मंड–डेटोना किनाऱ्यावर झालेल्या वेगचाचण्यांपासून सुरुवात मानते. अलेक्झांडर विंटन यांची गाडी आणि ओल्ड्स कंपनीची ‘पायरेट’ या तेथील पहिल्या नामवंत गाड्या. पुढे वेल्समधील पेंडाइन पुळणीवर माल्कम कॅम्बेल यांनी १९२४ मध्ये ताशी १४६.१६ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्याच पुळणीवर ३ मार्च १९२७ रोजी जे. जी. पॅरी-टॉमस ‘बॅब्स’ गाडीच्या अपघातात मरण पावले. कॅम्बेल यांनी मार्च १९३५ मध्ये डेटोनाला ताशी २७६ मैलांचा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी ते अमेरिकेतीलच बॉनव्हिलच्या मीठपठारावर गेले. विक्रमांच्या दृष्टीने पुळणींचे महत्त्व तेथे संपले. दुसरे मत असे, की या गाड्या विमानाच्या इंजिनांच्या किंवा कारखान्यांनी पोसलेल्या होत्या, तर हॉट रॉड ही घरच्या गॅरेजात, भंगारातून उभी राहिलेली गाडी आहे. त्यामुळे तिचे मूळ कॅलिफोर्नियातील म्युरॉक, एल मिराज या कोरड्या तळ्यांवर शोधले पाहिजे. त्या तळ्यांवरील क्लबांना एकत्र आणणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली. गाडीच्या बांधणीचा विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वाळू निवडणे, ओहोटीची वेळ साधणे, पट्टा आखणे या गोष्टी मात्र पहिल्या परंपरेतूनच आल्या आहेत. दोन्ही प्रवाह एकत्र आले ते अलीकडे. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आणि त्यानंतर पेंडाइन व डेन्मार्कमधील रोमो बेटावर जुन्या हॉट रॉडच्या हौशी शर्यती सुरू झाल्या. तेथे गाडीच्या व इंजिनाच्या वयाची मर्यादा कटाक्षाने पाळली जाते.

मूळ परंपरेतील आदर्श गाडी म्हणजे फोर्डचे ‘मॉडेल ए’ (१९२७–३१) किंवा १९३२ चे मॉडेल आणि त्यात फोर्डचे फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेले) आठ सिलिंडरी व्ही-८ इंजिन. हे इंजिन १९३२ मध्ये आले. क्षमता २२१ घन इंच (सुमारे ३.६ लि.) आणि ताकद ६५ अश्वशक्ती होती.

नाशिकमधील साहित्य : असे फोर्ड महाराष्ट्रात संग्राहकांकडेच सापडते आणि ते कापणे हा खर्चाचा नव्हे, विवेकाचा प्रश्न ठरतो. स्वस्त बांधणीचा आधार विलिस जीप हाच आहे. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी आणि पुढे परवान्याने निर्मिती केली. जिल्ह्यात द्राक्षबागा, खाणी आणि त्र्यंबक–सुरगाणा भागातील प्रवासी वाहतूक यांमुळे जीप दीर्घकाळ टिकल्या. सातपूर येथे महिंद्राचाच कारखाना असल्याने तिचे हाऊसिंग (आसाचे कवच), क्राऊन-पिनियन (त्यातील दातेरी चाकांची जोडी), गिअरबॉक्स जाणणारे फिटर शहरात आहेत. बोअरिंग (सिलिंडर कोरणे), फेसिंग (पृष्ठभाग सपाट तासणे), लेथकाम सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान वर्कशॉपांत होते. अंबड–सातपूर लिंक रोडवरील भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. त्यामुळे सुटे भाग आता पूर्वीसारखे एका जागी मिळत नाहीत.

जीपच्या इंजिनाला ‘जुने’ म्हणावे काय, यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप असतो. २,१९९ घ. सेंमी. क्षमतेच्या या चार सिलिंडरी इंजिनाची वंशावळ १९२० च्या दशकातील विलिसच्या व्हिपेट मोटारीपर्यंत जाते. म्हणजे रचनेने ते फोर्डच्या व्ही-८ पेक्षाही जुने आहे. एल-हेड प्रकारात (दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये) ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. सीजे-३बी या जीपच्या मॉडेलमधील एफ-हेड प्रकारात (इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये) ती ७२ ते ७५ अश्वशक्ती. परदेशी शर्यतीत ही गाडी वयाच्या अटीत बसेलच असे नाही. हौशी बांधणीसाठी मात्र यापेक्षा सयुक्तिक इंजिन येथे नाही. डिझेल जीपचे इंजिन जड असल्याने टाळावे.

चासिस : सीजे-३बी चा व्हीलबेस (पुढील व मागील आसांमधील अंतर) ८० इंच (२,०३२ मिमी.) आहे. पुळणीवर सरळ धावण्यासाठी तो अपुरा असून मागील चाके घसरताच गाडी आडवी होते. महिंद्राच्या एमएम-५४० जीपची ९१ इंची चासिस मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास मॉडेल ए च्या १०३.५ इंच (२,६२९ मिमी.) मापाने नवी चौकट बांधावी. त्यासाठी १०० × ५० × ३ मिमी. चौकोनी पोकळ पाइप पुरतो. ३.६ मी. लांबीचे दोन दांडे आणि पाऊण मीटरचे चार आडवे मिळून सुमारे १०.२ मी. पाइप लागतो आणि वजन ७० किग्रॅ. च्या आत राहते. चौकट सपाट लोखंडी टेबलावर आधी फक्त वेल्डिंगचे टाके मारून जुळवावी. कर्णांच्या मापांत ३ मिमी. पेक्षा जास्त फरक असेल तर टाके तोडून पुन्हा मांडावी. सलग वेल्डिंग एका बाजूने करत गेल्यास चौकट पिळवटते, म्हणून तुकड्या-तुकड्याने समोरासमोरच्या कोपऱ्यांवर करावे. जोडाच्या ठिकाणी दांडा सरळ उभा कापून जोडू नये. तिरका कापून बाहेरून शंकरपाळी आकाराची पट्टी लावावी. पाइपच्या सर्वांत खालच्या बिंदूंवर ८ मिमी. ची भोके ठेवावीत. ती नसली तर खारी ओली वाळू आत साचून दांडा आतून गंजतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो.

ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढील व मागील आसांना वाटणारी पेटी) काढून वजन वाचवण्याचा मोह नेहमी होतो. पण जीपच्या टी-९० गिअरबॉक्सला स्वतंत्र शेपटी नाही. त्याचा दांडा थेट ट्रान्सफर केसमध्ये संपतो आणि मागील हाऊसिंगचा गोळाही (डिफरन्शियल) त्यासाठीच उजवीकडे सरकवलेला असतो. केस काढली की गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि हाऊसिंग असे तिन्ही बदलावे लागतात. तेव्हा ती ठेवावी आणि फक्त पुढील प्रोपेलर शाफ्ट काढावा. पुढील हाऊसिंगमधील आतील शाफ्टही काढता येतात, कारण चाक स्पिंडलवरील बेअरिंगवर उभे असते. हबवरील ड्राइव्ह फ्लँजच्या जागी गॅस्केटसह बंद झाकण आणि नळीच्या तोंडाला पक्का बूच हवा, अन्यथा वाळू थेट बेअरिंगमध्ये जाते. पुढील स्प्रिंगच्या पाट्यांखाली ३ ते ४ अंशांची पाचर देऊन कॅस्टर (चाक ज्यावर वळते त्या अक्षाचा मागे झुकणारा कोन) ६–७ अंशांपर्यंत न्यावा. स्टिअरिंग जड होते, पण वाळूतील चाकोऱ्यांतून गाडी सरळ राहते.

इंजिन : येथे सर्वाधिक पैसा वाया जातो. सिलिंडरचा व्यास ७९.४ मिमी. आणि स्ट्रोक १११ मिमी. असल्याने ४,००० फेऱ्यांना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १४.८ मी. होते. जुन्या क्रँक आणि कनेक्टिंग रॉडकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. फेऱ्या वाढवण्याऐवजी दाबप्रमाण (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते) वाढवणे स्वस्त आणि टिकाऊ. एल-हेडचे मूळ प्रमाण ६.४८ : १, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे ज्वलनकक्ष सुमारे १०० घ. सेंमी. कक्षाचे क्षेत्रफळ ९० चौ. सेंमी. धरल्यास हेड १.५ मिमी. फेस करून १३ घ. सेंमी. कमी होतात आणि प्रमाण ७.३ च्या आसपास जाते. त्यापुढे दोन अडचणी येतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर हेडला टेकतो आणि व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाट अरुंद होऊन वरच्या फेऱ्यांत हवाच कमी पडते. म्हणून फेसिंगनंतर व्हॉल्व्हवर चिकणमातीची गोळी ठेवून, हेड तात्पुरते कसून, इंजिन हाताने दोनदा फिरवावे. चेपलेल्या मातीची जाडी १.५ मिमी. पेक्षा कमी भरल्यास व्हॉल्व्हवरचा भाग वेगळा कोरून घ्यावा. फेस केलेले हेड एकदा गरम झाल्यावर बोल्ट पुन्हा कसणे विसरले जाते आणि बहुतेक गॅस्केट तेथेच फुटतात.

कार्बोरेटरबाबत नाशिकची एक खास अडचण आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर असून हवेची घनता किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी असते. येथे बरोबर लावलेले मिश्रण किनाऱ्यावर सुमारे ३ टक्के पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडते. त्यात हल्लीच्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे मूळ जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या मोजक्या भोकाच्या भागावर) मिश्रण आणखी ६–७ टक्क्यांनी पातळ होते. दाट हवेमुळे सिलिंडरमधील दाबही वाढतो आणि दाबप्रमाण वाढवलेले इंजिन पूर्ण थ्रॉटलला ठोके देऊ लागते. उपाय असा : नाशिकमध्येच मुख्य जेट व्यासाने ४ ते ५ टक्के मोठा करून गाडी किंचित ‘रिच’ (पेट्रोल जास्त) ठेवावी, एक माप वरचा व एक खालचा जेट सोबत घ्यावा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर ठिणगीचे टायमिंग एक-दोन अंश मागे घेऊन मग प्लगचा रंग पाहावा. जुना बुचाचा फ्लोट आणि पेट्रोल पंपाचा साधा रबरी पडदा इथेनॉलने खराब होतात. पितळी फ्लोट व नवा पडदा बसवावा. थ्रॉटलला परतीच्या दोन स्वतंत्र स्प्रिंगा हव्यात. एअर फिल्टर नसलेले उघडे कार्बोरेटर छायाचित्रात छान दिसते. वाळूवर ते दोन-चार धावांत सिलिंडर घासून टाकते. जीपचा मूळ ऑइल-बाथ फिल्टरच ठेवावा.

गिअर व टायर : जीपच्या मागील आसाचे गिअर-प्रमाण ५.३८ : १ असून ते बदलावे असा सल्ला सर्रास दिला जातो. ६.००-१६ टायरचा परीघ भाराखाली सुमारे २.२ मी. धरल्यास ३,६०० फेऱ्यांना टॉप गिअरमध्ये वेग ताशी ८८ किमी. होतो. ७० अश्वशक्ती आणि ९०० किग्रॅ. च्या गाडीला वाळूवर २०१ मीटरमध्ये याहून फारसे पुढे जाता येत नाही. मॉडेल ए चे ३.७८ : १ प्रमाण घेतल्यास ताशी १२६ किमी. चा हिशेब कागदावर येतो, पण गाडी पट्टा संपेपर्यंत टॉप गिअर ओढूच शकत नाही. लांब पट्ट्याच्या धावांसाठीच ते प्रमाण योग्य.

रिमचे पाच बोल्ट ५.५ इंच (१३९.७ मिमी.) वर्तुळावर असतात. जुन्या फोर्डचे आणि बोलेरोचे मापही तेच असल्याने चाकांची अदलाबदल सोपी जाते. ६.००-१६ मापाचा टायर जिल्ह्यात कोणत्याही ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतो. तो घेऊ नये. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा ६.००-१६ टायर बहुधा ताशी ३० ते ४० किमी. साठीच बनवलेला असतो. जीपचाच टायर घ्यावा. ओल्या घट्ट वाळूवर हवा १६ ते १८ पौंड (प्रति चौ. इंच) ठेवावी. त्याखाली गेल्यास टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. टायर आणि रिमवर सलग रंगाची रेघ मारून ठेवली की सरकणे प्रत्येक धावेनंतर लगेच दिसते.

ब्रेक व बॉडी : जीपचे ९ इंची ड्रम पुरेसे आहेत. चारही व्हील सिलिंडर नवे घालावेत आणि दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवावा. येथे आणि सीट बेल्ट, फ्लायव्हीलभोवतीचे पोलादी कवच, रोल बार, अग्निशामक यांवर काटकसर करू नये. बॉडी २० गेज (सुमारे ०.९ मिमी.) पत्र्याची. ८ × ४ फुटी एक पत्रा सुमारे २१ किग्रॅ. चा असतो, दोन आसनी उघड्या बॉडीला तीन पुरतात. सपाट पत्रा वेगात थरथरतो व कडेला चिरतो, म्हणून मोठ्या पृष्ठभागांना आधी हलका फुगवटा द्यावा.

पुळण : वाळूचे कण त्यांच्यामधील पाण्याच्या ताणाने घट्ट राहतात. त्यामुळे भरतीरेषेखालचा, पाणी नुकतेच ओसरलेला पट्टा सर्वांत टणक असतो. कोरडी वाळू चाक गिळते आणि पाण्याने तुडुंब वाळू पायाखाली थरथरते. नाशिककरांना त्र्यंबक–जव्हारमार्गे पालघर जिल्ह्याचा किनारा जवळचा. तेथे उधाणाला भरती-ओहोटीतील फरक चार-पाच मीटरांचा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला पट्टा रुंद मिळतो, मात्र पाणी परतही वेगाने येते. भांगाच्या (भरती-ओहोटीतील फरक कमी असण्याच्या) दिवसांत पट्टा अरुंद राहतो. काही ठिकाणी वरच्या वाळूखाली चिखल असल्याने संपूर्ण पट्टा आधी पायी तपासावा. टाच एक सेंमी. पेक्षा खोल रुतत असेल तेथून गाडी नेऊ नये.

कायदेशीर स्थिती : कोकणातील पुळणींवर बैलगाडी व घोडागाडीच्या शर्यती रूढ आहेत, मोटारींच्या शर्यतींची तशी परंपरा नाही. भरती-ओहोटीमधला पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो. डहाणू तालुका जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. थंडी-उन्हाळ्याचा सोयीचा काळ कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचाही असतो. परवानगीविना धाव घेता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ तपशिलांत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते काटेकोरपणे लावले. २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणजे जुनी जीप हॉट रॉड केली की ही सवलतही जाते. अशी गाडी एमएच-१५ ची पाटी लावून घाटातून चालवत नेता येत नाही; टेम्पो किंवा ट्रेलरवरूनच न्यावी लागते.

धावांनंतरची निगा : त्याच दिवशी गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवावे. जोरदार फवाऱ्याने वाळू सीलच्या आत ढकलली जाते. ड्रम उघडून झाडावेत, हबचे ग्रीस बदलावे, हाऊसिंगचे तेल काढून पाहावे. तेल दुधाळ दिसल्यास ब्रीदरमधून (हाऊसिंगच्या हवा जाण्याच्या तोंडातून) पाणी गेले असे समजून ते लगेच बदलावे व ब्रीदरला रबरी नळी लावून तिचे टोक सीटच्या उंचीवर न्यावे.