दोन मिलिमीटर घासले, मग चार मिलिमीटरच्या पात्याला भोक कसे पडले?

गेल्या पावसाळ्यात आमच्या डिचोलीच्या शेजारघरचा मुलगा सुरीचे एक पाते घेऊन आला आणि काही न बोलता त्याने ते खिडकीसमोर धरले. पात्यातून पलीकडचे माड दिसत होते. धारेच्या जरा वर, शेंगेच्या आकाराचे लांबट भोक.

मुलगा आयटीआयचा फिटर, हात चांगला. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून, ठोकून, घासून त्याने ४ मिमी जाडीची सपाट पट्टी केली होती. पट्ट्याचा ग्राइंडरही घरीच बनवलेला. पट्टा ज्या चाकावर टेकतो ते रबर चढवलेले चाक सहा इंची. आत खोलगट उतार असलेले पाते करायचे, ज्याला सगळे ‘हॉलो ग्राइंड’ म्हणतात, असा बेत होता. एक बाजू छान उतरली. दुसरी घासताना उजेड दिसला.

“काका, सगळ्यात खोल जागी या बाजूनं एक मिलिमीटर गेलं, त्या बाजूनं एक. पातं चारचं. भोक कसं पडलं?”

त्याच्या आजीचे निदान तयार होते : मशीन अमावास्येला सुरू केले. मी तिला एवढेच विचारले, की मग पहिली बाजू नीट कशी उतरली? तीही त्याच दिवशी घासलेली. आजी म्हणाली, अमावास्या दुपारी लागली. अशा उत्तरापुढे विज्ञानाचे काही चालत नाही, म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली.

मुलाचा हिशेब एका जागी चुकला होता. पाते ४ मिमीचे आहे ते फक्त पाठीकडे. धारेकडे ते अर्ध्या मिलिमीटरवर येते (पाणी पाजण्याआधी एवढी जाडी ठेवावीच लागते, नाहीतर तापलेली पातळ धार तेलात बुडवताच वाकते किंवा तडकते). म्हणजे उतार आधी पाचरीसारखा आहे असे समजा आणि चाक त्या पाचरीतून आणखी खाते असे धरा. त्याचा उतार २५ मिमी रुंद होता. भोकाच्या मध्याजवळ, धारेपासून ७ मिमी वर, सरळ पाचरीची जाडी साधारण दीड मिलिमीटर असते. चारातून दोन नाही, दीडातून किती गेले ते बघायला हवे.

आता माझा आवडता भाग. चाक पात्याला धारेपाशी आणि वरच्या कडेपाशी शिवते, मधे ते पोलादात घुसते. उताराची रुंदी ही वर्तुळाची जीवा झाली. दहावीच्या भूमितीत एक प्रमेय असते : वर्तुळात दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा प्रत्येकीच्या दोन तुकड्यांचा गुणाकार सारखाच येतो. त्यातली एक जीवा जवळजवळ व्यासाएवढी आहे, कारण चाक जेवढे घुसते ते व्यासाच्या मानाने नगण्य. म्हणून कुठल्याही ठिकाणची खोली काढायला एवढेच पुरते : धारेपासूनचे अंतर गुणिले वरच्या कडेपासूनचे अंतर, भागिले चाकाचा व्यास.

ही खोली म्हणजे आपल्या जुन्या गणितातला ‘शर’, धनुष्यावर चढवलेला बाण. शर आणि अर्धज्या (निम्मी जीवा) यांचा हा संबंध आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ग्रंथात दिला आहे. (आर्यभटाकडे बेल्ट ग्राइंडर होता, असा फॉरवर्ड कुणी पाठवण्याआधी सांगतो : नव्हता. तो ग्रहगणित करत होता.)

सहा इंच म्हणजे १५२ मिमी. धारेपासून ७ मिमीवर : ७ गुणिले १८, म्हणजे १२६, भागिले १५२. एका बाजूने ०.८३ मिमी. दोन्ही बाजूंनी १.६६. आणि तिथे पोलाद होते १.४८. आले भोक! सूत्र चालवून बघितले तर ते धारेपासून साधारण साडेतीन मिमीवर सुरू होऊन पावणेअकरावर संपायला हवे. व्हर्नियरने मोजले, तर जवळपास तसेच निघाले. मुलाला भोकाचे दुःख होते आणि मला आकडा जुळल्याचा आनंद, हे मी लपवू शकलो नाही.

मग कुठले चाक चालले असते? धारेपासून एक मिलिमीटर वर चढा. पाचर तेवढ्यात ०.१४ मिमीने जाड होते (साडेतीन मिमीची वाढ, २५ मिमीत वाटलेली). त्याच एका मिलिमीटरमध्ये सहा इंची चाक दोन्ही बाजू मिळून ०.३२ मिमी खाते. म्हणजे पाते धारेपासून मागे जाताना जाड होण्याऐवजी बारीक होते. आठ इंचीने भोक पडत नाही, पण धारेच्या मागे एका जागी फक्त ०.२ मिमी पोलाद उरते. दहा इंचीने ०.४ उरते, म्हणजे धारेहून किंचित पातळ. ते खपून जाते. आणि चौदा इंची चाक पहिल्या मिलिमीटरमध्ये ०.१३५ खाते, पाचरीच्या वाढीहून केसभर कमी. इथे दोन्ही बाजू धारेपाशी जवळजवळ समांतर होतात. पुन्हा पुन्हा निसण्यावर लावून तीन मिलिमीटर पाते झिजले, तरी नवी धार ०.५५ मिमीचीच असेल. सरळ पाचरीची ती ०.९२ होते. हॉलो ग्राइंडचे सगळे कौतुक या एका फरकात आहे. पोलादाच्या गुणात त्याने काहीही भर पडत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

बीजगणित करून उलटे मांडले तर : व्यासाला पाठ आणि धार यांच्या जाडीच्या फरकाने गुणा, निम्मे करा, वर्गमूळ काढा. तेवढ्या रुंदीपर्यंतच उतार घ्यावा. ४ मिमीच्या पट्टीला सहा इंची चाक १६ मिमी उतार देते, आठ इंची १९, दहा इंची २१, चौदा इंची २५. आणि स्वयंपाकघरातल्या पातळ, रुंद सुरीसाठी? अडीच मिमी पाठ, ४५ मिमी उतार, धार ०.३ धरली तर चाक १.८ मीटर व्यासाचे निघते. म्हणून शहाणे लोक ती सुरी चाकावर नेतच नाहीत, पट्ट्यामागे सपाट पट्टी लावून घासतात. न्हाव्याच्या वस्तऱ्याचे पाते अरुंद, त्याला लहान चाक शोभते, आणि त्याला कापायचे असतात केस.

आणखी एक गैरसमज लगे हाथ. मोठे चाक लावले की पट्टा जोरात पळतो, असे वाटते. तसे नाही. पट्टा ओढते ते मोटरच्या दांड्यावरचे चाक; वेग त्याच्या व्यासावर ठरतो. पुढचे चाक नुसते फिरत असते. आपल्याकडे ५० हर्ट्झवर चालणारी जलद (दोन ध्रुवांची) मोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे करते, तिच्यावर चार इंची चाक असेल तर पट्टा सेकंदाला १५ मीटर धावतो. व्हिडिओतल्या अमेरिकन माणसाची तशीच मोटर ६० हर्ट्झची, ३४५० फेऱ्यांची. त्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. दगडी चाकाच्या ग्राइंडरवर मात्र दगड झिजेल तसा व्यास घटतो, कडेचा वेग घटतो आणि खोलगटपणा वाढतो. वर्षभराने त्याच दगडावर तीच सुरी होत नाही.

खोलगट पाते म्हणजे भारी पाते, हेही खरे नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोहाराचा कोयता हातात घेऊन बघा. धारेमागे त्याला पोट असते, खोलगटपणाच्या बरोबर उलट. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो : जाडी निम्मी केली की तो आठव्या हिश्श्यावर येतो. शहाळ्यावर घाव घालताना कोयता तिरका अडकतो, माणूस तो पिळून काढतो. चौदा इंची चाकावर सुरेख घासलेले पाते तिथे पहिल्याच दिवशी तुकडा टाकेल. लोहाराने शर काढलेला नसतो. मोडलेले कोयते त्याच्याकडेच परत येतात, त्यावरून तो शिकलेला असतो.

चौदा इंची चाक मुलाच्या खिशाला परवडणारे नाही. त्याने सहा इंचीच ठेवले आणि दुसऱ्या पात्याचा उतार सोळावर थांबवला. ते सुरेख झाले. आता त्याला पाठ टोकाकडे निमुळती हवी आहे, चारवरून तीन मिलिमीटर. तिथे उतार किती रुंद घ्यावा, असे विचारायला तो परवा आला होता. धार अर्ध्या मिलिमीटरचीच धरून मला १३.८ मिमी आले. तुम्हीही करून बघा.