वकिलांना वेबसाइट काढता येत नाही? येते!

वकिलाने वेबसाइट काढली किंवा फेसबुकवर कायद्याबद्दल चार ओळी लिहिल्या की सनद (वकिलीचा परवाना) गेलीच, असं कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये वर्षानुवर्षं सांगतात आणि ज्युनियर मुलं ते ऐकून गप्प बसतात, याचं खरंच वाईट वाटतं. असं नाहीये हो.

वकिलांसाठी नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ काम मागायला आणि जाहिरातीला मनाई करतो. पत्रकं, दलाल, आपण चालवत असलेल्या केसबद्दल पेपरात फोटो छापून आणणं, सगळं त्यात आलं, अगदी ऑफिसची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी आणि त्यावर 'माजी न्यायाधीश' लिहायचं नाही. पण २००८ मध्ये याच नियमात दुरुस्ती होऊन वेबसाइटला परवानगी मिळाली. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद नंबर नि तारीख, कुठल्या राज्याचं बार कौन्सिल, शिक्षण, कुठल्या प्रकारची कामं करता, एवढं टाकता येतं, शिवाय माहिती खरी असल्याचं डिक्लेरेशन द्यायचं. बस.

आता पोस्टचं. चेक बाऊन्स झाल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, हे लोकांना समजावून सांगणं म्हणजे काम मागणं नव्हे, आणि अशा माहितीची लोकांना फार गरज आहे! मात्र त्याखाली 'हमखास जामीन, आजच कॉल करा' लिहिलंत की ती जाहिरातच झाली, मग तक्रार झाल्यास ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली ताकीद, निलंबन किंवा थेट सनद रद्द, काहीही होऊ शकतं.