मोटारहोममागे मोटार ओढण्याची साधने
मोटारहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) मुक्कामाला लागले, की बाजारहाट व भटकंतीसाठी छोटी मोटार हाताशी असावी म्हणून ती चारही चाकांवर मागे ओढत नेतात. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे रूढ आहे. मागच्या मोटारीत चालक नसतो, तिचे इंजिनही बंद असते. म्हणून तिचे वळणे, थांबणे आणि दिवे लागणे पुढच्या गाडीच्या आधारेच साधावे लागते.

इतिहास : पद्धतीचा उगम सहसा मोटारहोमच्या प्रसाराशी जोडला जातो. विनेबेगो कंपनीने आयोवातील फॉरेस्ट सिटी येथे १९६६ मध्ये मोटारहोमचे उत्पादन सुरू केले व पुढे हौशी प्रवासी वाढले, हे खरे. तथापि टो बार, म्हणजे मागची मोटार पुढच्या गाडीला जोडणारा दांडा, त्याहून बराच जुना आहे. १९३० च्या दशकात विक्रीच्या मोटारी एकीमागे एक जोडून त्यांचे तांडे कॅलिफोर्नियात आणले जात. त्यांवर शुल्क लावणारा त्या राज्याचा १९३५ चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अवैध ठरवला. १९३७ च्या नव्या कायद्यातील शुल्क मात्र १९३९ मध्ये वैध ठरले. हे पाहता, साधन मोटारविक्रेत्यांच्या वाहतुकीतून आले आणि प्रवाशांनी ते नंतर उचलले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फोक्सवॅगन बीटलच्या पुढच्या आसाच्या नळ्यांना पकडणारा ताठ, त्रिकोणी टो बार हा मधला टप्पा असावा.

जोडणी : मोटारीच्या सांगाड्याला बंपरमागे बेस प्लेट (टो बार अडकवण्याचा धातूचा आधार) बोल्टने बसवतात, ती त्या-त्या मॉडेलसाठीच घडवलेली असते. आधुनिक टो बारचे दोन्ही बाहू दुर्बिणीसारखे सरकतात, त्यामुळे मोटार तंतोतंत सरळ उभी नसली तरी जोडता येते; गाडी पुढे निघाली की बाहू ताणले जाऊन आपोआप अडकतात. टो बार जवळजवळ आडवा राहावा लागतो. हिचची (मोटारहोमच्या मागील जोडाची) उंची जुळत नसेल तर खाली उतरणारा किंवा वर चढणारा जोडतुकडा घालतात. सुरक्षा-तारा टो बारखाली फुलीसारख्या ओलांडून बांधतात. हिच, टो बार व बेस प्लेट यांत सर्वांत कमी क्षमतेच्या भागावरच वजनाची मर्यादा ठरते. जोडलेली मोटार मागे रेटू नये : पुढची चाके आडवी होऊन टो बार वाकतो.

गिअरबॉक्स : कोणती मोटार ओढता येईल, हे मुख्यतः वंगणावर ठरते. अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, अशा स्थितीत आतले भाग कोरडे घासतात. जीप रँगलरमध्ये ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) न्यूट्रलला टाकून ही अडचण टळते. होंडा सीआर-व्हीच्या २०१४ पर्यंतच्या ऑटोमॅटिक मॉडेलांसाठी ठरावीक क्रमाने गिअर बदलून, न्यूट्रलमध्ये इंजिन ३ मिनिटे चालवून मग बंद करण्याची सूचना होती. २०१५ मध्ये सीव्हीटी (ठरावीक पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आल्यावर ती सोय संपली. अन्य मोटारींना वंगणपंप किंवा ड्राइव्हशाफ्ट (चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) सोडवणारे साधन बसवतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी आहे का, हे मोटार घेण्यापूर्वीच पाहावे.

ब्रेक : मोटारहोमचे ब्रेक पुरेसे असतात असा युक्तिवाद केला जातो, पण दीड-दोन टनांची मोटार मागून रेटत असता तो टिकत नाही. म्हणून मागच्या मोटारीलाही ब्रेक लावणारी साधने वापरतात. सुटे यंत्र तिच्या चालकाच्या आसनापुढे ठेवतात. वेग घटल्याचे जाणवताच त्याचा दांडा पेडल दाबतो. इंजिन बंद असल्याने बूस्टरमधील (पेडल दाबण्यास साहाय्य करणाऱ्या भागातील) निर्वात काही दाबांतच संपतो व पेडल कडक होते. म्हणून यंत्र जुळवण्यापूर्वी पेडल वारंवार दाबून तो संपवून घेतात. कायम बसवलेली यंत्रणा पुढच्या ब्रेकच्या प्रमाणात दाब देते, तीच अधिक भरवशाची. लांब उतारावर केवळ वेगघट ओळखणारे यंत्र मोटारहोमच्या इंजिन-ब्रेकलाही प्रतिसाद देऊन मागचे ब्रेक तापवू शकते. जोडणी तुटल्यास मोटारीवरील सुरक्षा-स्विचमधील पिन ओढली जाऊन मागचे ब्रेक लागतात.

दिवे : मोटारहोमच्या वायरिंगमधून मागचे दिवे पेटवतात; विद्युत्प्रवाह उलट वाहू नये म्हणून डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) घालतात. प्रवासात बॅटरी उतरू नये यासाठी वेगळी चार्जिंग वायर लागते.

ब्रिटन : येथे ए-आकाराच्या सांगाड्याने (टो बारने) ओढलेली मोटार ट्रेलर मानली जाते, कमाल वजन ७५० किग्रॅ.पेक्षा जास्त असल्यास तिला चालू ब्रेक हवेत.