वरचा रंग बदलला, म्हणून बॉबिनही बदलायची?

मशीनवर गोधडी शिवायला बसलं की पहिल्याच दिवशी कानावर येतं: वर जो रंग, तोच बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात हवा. मग सात रंगांसाठी सात बॉबिन भरत बसायचं. एवढा खटाटोप मुळीच लागत नाही.

मशीनचा टाका म्हणजे दोन दोऱ्यांचा एकमेकांत अडकलेला फास. दोऱ्यांचा ताण बरोबर असला की तो फास आतल्या कापसात दडतो. वरचा लाल खाली उतरत नाही, खालचा राखाडी वर येत नाही. ब्लाऊजच्या दोन पातळ कापडांपेक्षा गोधडीत लपायला जागा जास्तच! मी खाली अस्तराच्या रंगाचा एकच दोरा शेवटपर्यंत ठेवते. वर पांढरा, खाली काळा असं मात्र करू नका. ताण जरा हलला तरी वळणांवर काळे ठिपके उठतात. उठलेच तर वरचा ताण किंचित सैल करा, आधी चिंधीवर बघून.

आणि रंग बदलताना जुना दोरा रिळाकडून उलटा ओढू नका. त्याने तंतू ताणाच्या, म्हणजे दोरा दाबून धरणाऱ्या चकत्यांत अडकतात. रिळाजवळ कापा, कापड दाबून धरणारा फूट वर करा, सुईकडून ओढून काढा.