कलादालन-सहल व कलाकार्यशाळा (बेळगाव सीमाभाग)

शाळकरी विद्यार्थ्यांना चित्रदालन, वस्तुसंग्रहालय किंवा प्राचीन शिल्पवास्तू येथे नेऊन मूळ कलाकृती दाखवणे आणि त्या भेटीला जोडूनच त्यांच्याकडून चित्र, मातीकाम, ठसेकाम किंवा कागदकाम करवून घेणे, असा हा दुपदरी शालेय उपक्रम आहे. शाळेच्या दप्तरी त्याची नोंद ‘शैक्षणिक सहल’ किंवा ‘क्षेत्रभेट’ अशी होते, मुलांच्या तोंडी ती ‘ट्रीप’ असते. हाताने काम करण्याच्या भागाला ‘कार्यशाळा’ आणि तो सुट्टीत सलग काही दिवस चालला तर ‘शिबिर’ म्हणतात. प्रस्तुत नोंद कर्नाटकातील बेळगाव शहर (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या तालुक्यांतील मराठी शाळांपुरती आहे.

मुलांची कला ही मोठ्यांच्या कलेची कच्ची नक्कल नसून तिला स्वतःची रीत असते, हा विचार व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या बालकलावर्गातून पुढे आला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्हिक्टर डॅमिको यांनी १९३७ पासून शिक्षणविभाग उभा केला आणि संग्रहालयातच मुलांनी काम करावे अशी सोय केली. भारतात १९५६ मध्ये दिल्लीत बालभवन स्थापन झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमधले फिरते संग्रहालय सुरू केले आणि २०१९ मध्ये आवारातच मुलांसाठी वेगळे संग्रहालय उघडले. बेंगळुरूमध्ये माणिक्यवेलू वाड्यात २००९ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मात्र सीमाभागातील शाळेला मुंबई आणि बेंगळुरू ही दोन्ही शहरे एका दिवसाच्या सहलीच्या आवाक्याबाहेरची आहेत, त्यामुळे येथील उपक्रमाची घडण स्थानिक साधनांवरच झाली.

ही साधने तोकडी नाहीत. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी बेळगावात ‘चित्रमंदिर’ ही संस्था चालवली आणि तेथे कित्येक विद्यार्थी घडवले. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले आणि पुढे बोधचित्रकार (मजकुराला जोडून चित्रे काढणारे) म्हणून देशभर नावाजलेले रवी परांजपे हे त्यांच्याच तालमीतले. टिळकवाडीतील वरेरकर नाट्यसंघाच्या वास्तूत कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे. या गुरुपरंपरेने शहराला एक सवय लावली, ती म्हणजे प्रात्यक्षिकाची. समोर एक माणूस बसवायचा आणि जाणत्या चित्रकाराने दीड-दोन तासांत लोकांच्या देखत त्याचे व्यक्तिचित्र पुरे करायचे. कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना पाहिलेल्या मुलाला जे कळते ते पुरे झालेले चित्र पाहून कळत नाही. घरी चेहरा काढताना मूल बहुधा डोळ्यांपासून सुरुवात करते, कारण त्याच्या मते डोळे म्हणजेच माणूस. चित्रकार मात्र कोळशाने डोक्याचा आकार आणि मानेचा कल धरतो, डोळे बारीक करून सावलीचा एक मोठा तुकडा सबंध भरतो, नाकाचा आणि गालाचा उजेड मोकळा सोडतो, आणि डोळ्यांकडे वळतो तो बऱ्याच उशिरा. चेहरा ओळखीचा होतो तो त्याच्याही आधी, केवळ छायाप्रकाशावर, आणि त्या क्षणी मागच्या रांगेतली मुलेही टाचा उंचावून पाहू लागतात. शाळांच्या भेटीत असे एक प्रात्यक्षिक असावे, मग भिंतीवरची चित्रे थोडी कमी पाहून झाली तरी चालेल, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

कलादालनात येणारे सीमाभागातील मूल दृश्यकलेच्या बाबतीत कोरे नसते, ही गोष्ट मार्गदर्शक पुष्कळदा विसरतात. दिवाळीत अंगणात दगड, माती आणि पोती रचून किल्ला उभा करताना त्याने तट, बुरूज आणि चढाची वाट यांचे प्रमाण जमवलेले असते, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवलेली असते, आणि मावळ्यापेक्षा दरवाजा लहान झाला तर काय बिघडते हे त्याने पाहिलेले असते. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत वैशाखातल्या रात्री त्याने सजीव देखावे पाहिलेले असतात. वेशभूषा, प्रकाश आणि गोठलेला क्षण यांतून गोष्ट कशी सांगितली जाते, याचा तो मोठा धडा असतो. पानाफुलांच्या रांगोळीपासून व्यक्तिचित्राच्या रांगोळीपर्यंतचे सगळे प्रकार त्याच्या गल्लीत होतात. चित्रातली मांडणी समजावताना या अनुभवांपासून सुरुवात केली, तर ‘अग्रभूमी’ आणि ‘पार्श्वभूमी’ हे शब्द मुलांना परके वाटत नाहीत.

सहलीची ठिकाणे निवडताना चार भिंतींच्या दालनापुरते थांबण्याचे कारण नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधवले. तिच्या मंडपाच्या छतातून खाली लोंबणारे ७२ पाकळ्यांचे दगडी कमळ हा भूमितीचा आणि शिल्पाचा एकत्र पाठ आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकर मिळून ही संख्या होते. मुलांनी कमळाखाली पाठीवर निजून कागद पोटावर धरून ते रेखाटावे, कारण उभ्याने मान वर करून पाच मिनिटेही नीट पाहता येत नाही. खानापूर तालुक्यातील हलशी येथे गोव्याच्या कदंबांच्या काळातले, बाराव्या शतकातले भूवराह-नरसिंह मंदिर आहे, ज्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. कित्तूरजवळील देगावचे कमलनारायण मंदिर त्याच घराण्यातील राणी कमलादेवीच्या नावाशी जोडलेले आहे. कित्तूरचा पडका वाडा आणि तेथील सरकारी संग्रहालय राणी चन्नम्मांनी इंग्रजांशी दिलेल्या १८२४ च्या लढ्यामुळे इतिहासाच्या सहलीत असतेच, पण तेथील शिल्पखंडांसमोर मुले क्वचितच थांबवली जातात.

कारागिरीची दोन ठिकाणे विशेष उपयोगाची आहेत. खानापूरची लाल माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध असून खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्था तेथे आहे. चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणणे हे किती अवघड आहे, ते एकदा स्वतः करून पाहिल्यावर घरातल्या माठाकडे पाहण्याची मुलांची नजर बदलते. गोकाकला जिनगर कारागीर हलक्या लाकडाची रंगीत खेळणी आणि हुबेहूब दिसणारी फळे करतात. गोकाकचा धबधबा पाहायला जाणाऱ्या सहलीने या कामासाठी तासभर काढला तर त्या दिवसाचे मोल वाढते.

राज्याची सीमा ओलांडून सर्वाधिक सहली कोल्हापूरला जातात. तेथील टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत, आणि त्यांत समुद्रदेव पोसायडनची लहानशी ब्राँझमूर्ती मुलांना नेहमी चकित करते: रोमन व्यापाराचा माग पंचगंगेच्या काठी लागतो ही कल्पनाच त्यांना नवी असते. चित्रपट-अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी आपले घर आणि आपली चित्रे शासनाला दिली, त्यातून त्यांच्या नावाचे संग्रहालय झाले. कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांसह जुन्या गावगाड्याचे सिमेंटचे पुतळे मोकळ्या शेतशिवारात उभे केले आहेत. तेथे गर्दी फार होते आणि मुले धावत पुढे जातात, म्हणून प्रत्येक गटाने एकच प्रसंग निवडून त्यासमोर बसावे हे बरे. हावेरी जिल्ह्यातील गोटगोडीचे ‘उत्सव रॉक गार्डन’ हे याच धर्तीचे उत्तर कर्नाटकातील ठिकाण असून ते कलावंत टी. बी. सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतून साकारले.

भेटीची पद्धत हा या उपक्रमाचा गाभा होय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी सुमारे २७ सेकंद थांबतात असे आढळले होते. प्रौढांची ही गत असेल, तर दोन-दोनच्या रांगेत शिट्टीच्या तालावर पुढे सरकणाऱ्या मुलांबद्दल वेगळे सांगायला नको. म्हणून पन्नास मुलांची बस एकदम दालनात न सोडता दहा-बाराचे गट करणे आणि प्रत्येक गटाला तीन-चार चित्रांपुढेच, पण प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटे बसवणे इष्ट ठरते. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन यांनी अशा बैठकीसाठी तीन प्रश्नांची साधी पद्धत बसवली आहे. या चित्रात काय चाललंय, असं तुला कशावरून वाटतं, आणि आणखी काय दिसतंय, एवढेच मार्गदर्शकाने विचारायचे. चित्रकाराचे नाव, साल आणि शैली हे सारे नंतर. दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यामुळे मुलाला आपल्या मताचा पुरावा चित्रातच शोधावा लागतो.

सीमाभागात याच टप्प्यावर भाषेचा प्रश्न उभा राहतो. येथील संग्रहालयांतील पाट्या बहुतेक कन्नड आणि इंग्रजीत असतात. मराठी शाळेतील मुले दोन्ही भाषा शिकतात, पण चौथी-पाचवीच्या मुलाला त्या भाषांतले पाटीवरचे गद्य जड जाते, आणि ते पाटीशी झगडत बसले की चित्र बाजूला राहते. यावर उपाय सोपा आहे: आधी चित्र, मग घरच्या भाषेत बोलणे, आणि शेवटी पाटी. ‘ती बाई कुणाचीतरी वाट बघुलाली’ असे एखाद्या मुलीने बेळगावच्या बोलीत सांगितले, तर शिक्षकांनी ‘बघत आहे’ अशी दुरुस्ती करू नये, कशावरून ते विचारावे. त्यानंतर तीच पाटी कन्नडमधून सर्वांनी मिळून वाचली की कन्नडचे चार शब्दही कायमचे लक्षात राहतात. गटात कन्नड, उर्दू किंवा कोंकणी बोलणारी मुले असतील तर त्यांनी पाहिलेले त्यांच्या भाषेत ऐकावे.

कार्यशाळा शक्यतो त्याच दिवशी आणि त्याच आवारात व्हावी, म्हणजे पाहिलेले अजून डोळ्यांत असते. सामान फार लागत नाही: पाठीला पुठ्ठा लावलेला कागद, मऊ पेन्सिल, कोळसा, खडूरंग, पोस्टर रंग, पाण्याचे डबे आणि जुनी वर्तमानपत्रे. भेंडी, कांदा आणि बटाटा कापून केलेले ठसेकाम लहान वर्गांना जमते. पाचवीपुढच्या मुलांना लिनोलियम (फरशीवर अंथरायचा मऊ तक्ता) कोरून छापता येते, मात्र कोरण्याची हत्यारे मोजून द्यावीत, मोजून घ्यावीत आणि कोरताना दुसरा हात पात्याच्या पुढे नसावा. गणेशोत्सवाआधीच्या शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा शहरात सर्वांत लोकप्रिय आहेत. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, पण वाळताना तडकण्याची भीती असते, म्हणून ती सावकाश, सावलीत वाळवावी लागते. मूर्ती करताना प्रत्येक मुलाने वेगळी बैठक, वेगळी सोंड करून पाहिली तर हात शिकतो. साच्यातून पन्नास सारख्या मूर्ती काढल्या तर केवळ प्रदर्शन देखणे होते.

या भेटींचा परिणाम मोजणारा एक विश्वसनीय अभ्यास अमेरिकेत झाला. अर्कान्सास राज्यातील बेंटनव्हिल या लहान गावात २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडल्यावर अर्ज करणाऱ्या शाळांतून चिठ्ठ्या टाकून काहींना आधी आणि काहींना नंतर भेट देण्यात आली, त्यामुळे १२३ शाळांतील सुमारे ११,००० विद्यार्थ्यांची तुलना करता आली. भेट दिलेल्या मुलांना चित्रांतील तपशील चांगले आठवत होते, अनोळखी चित्राविषयी ती अधिक बारकाईने लिहीत होती, आणि ग्रामीण भागातून आलेल्या मुलांत हा फायदा जास्त दिसला. चोर्ला घाटाच्या वाटेवरील किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यातील शाळांना सहलीत अग्रक्रम देण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

परीक्षापद्धतीचाही या उपक्रमावर परिणाम होतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यानंतर ते आजच्या कर्नाटकात आले, त्यामुळे येथील परीक्षाही वेगळ्या आहेत. आज महाराष्ट्रातील मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा देतात, तर कर्नाटकातील मुले लोअर आणि हायर या ड्रॉइंग परीक्षा देतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र यांचा सराव या परीक्षांमुळे होतो हे खरे, पण त्यांच्या तयारीत कलादालनाला वेळ उरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तराविना’ दिवस सुचवले असून स्थानिक कारागिरांकडे शिकणे त्यांत अपेक्षित आहे. कर्नाटकात दप्तराविना शनिवारचा उपक्रम ‘संभ्रम शनिवार’ या नावाने चालतो. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंद, उत्सव, हे मराठी पालकांना आवर्जून सांगावे लागते.

अडचणी मुख्यतः जाण्यायेण्याच्या आणि माणसांच्या आहेत. सहलीचा हंगाम दसऱ्याच्या सुट्टीनंतर सुरू होतो, कारण खानापूर आणि चोर्ला भागातला पाऊस त्याआधी भरवसा देत नाही. परिवहन महामंडळाची करारावरची बस, खात्याची परवानगी, पालकांची संमतीपत्रे, मुलींसोबत शिक्षिका आणि प्रथमोपचार पेटी हे सारे मुख्याध्यापकांना जुळवावे लागते. बसचे भाडे मुलांत वाटले जात असल्याने लहान पटाच्या शाळेला तीच सहल महाग पडते. दोन-तीन शेजारच्या गावांनी एकत्र बस केली की हा भार हलका होतो. ज्या शाळेला ड्रॉइंग सर नाहीत, तेथे भेटीची पूर्वतयारीच होत नाही. अशा शाळांसाठी उलटी वाटही उपयोगी आहे: चित्रकाराने दहा-बारा मूळ चित्रे घेऊन गावी यावे, ती शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर टांगावीत आणि तिथेच प्रात्यक्षिक द्यावे. गावकऱ्यांनाही त्या दिवशी आत येऊ द्यावे. शेतावरून परतताना व्हरांड्याशी थांबलेली आजी नातवाला चित्रातले काय काय विचारते, ते शिक्षकांनी शेजारी उभे राहून ऐकावे आणि पुढच्या सहलीच्या तयारीत तेच प्रश्न वापरावेत.