रुग्णाच्या ताटाची वाटचाल: सातारा-सांगलीतील रुग्णालयीन आहाराची पार्श्वभूमी

रुग्णालयातील जेवण अधिक पौष्टिक असावे, वाया जाणारे अन्न कमी व्हावे आणि धान्य-भाजीपाला शक्यतो जवळच्या शेतातून यावा, ही मागणी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आता ऐकू येऊ लागली आहे. ती नवी वाटत असली, तरी रुग्णाचे जेवण हा उपचाराचाच भाग आहे ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती टप्प्याटप्प्याने मागे कशी पडली, हे पाहिल्याशिवाय आजच्या ताटातील उणिवांचे मूळ सापडत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात, रुग्णाला ठेवण्यासाठी घर कसे बांधावे हे सांगताना स्नानाची जागा, उखळ-मुसळ आणि स्वयंपाकघर यांचा एकत्रच उल्लेख येतो, आणि सेवकांच्या यादीत वरण-भात रांधणाऱ्याला स्थान दिलेले आहे. शोधनोपचारानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शरीरशुद्धीच्या उपचारानंतर, रुग्णाला आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग कढण अशा क्रमाने अन्नावर आणण्याची पद्धत वैद्यकात होती. पेज, मऊ भात आणि मुगाचे कढण हे घराघरांतील पथ्य याच विचाराशी नाते सांगते.

आधुनिक रुग्णालये या भागात आली, तेव्हा हे स्वयंपाकघर त्यांच्यासोबत आपोआप आले नाही. ख्रिस्ती मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. रेल्वेमुळे दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून रुग्ण तेथे येत. त्या काळातील मिशनच्या रुग्णालयांत रुग्णाबरोबर घरची दोन माणसे राहणे आणि त्यांनी आवारात चूल मांडून स्वयंपाक करणे सर्रास चाले. त्यामागे जातीची बंधनेही होती, कारण परक्या हातचे अन्न खाण्यास बहुसंख्य लोक तयार नसत. ही व्यवस्था विषमतेवर उभी होती, हे विसरता येत नाही. मात्र ओळखीची भाकरी, ताजे ताक आणि रुग्णाने किती खाल्ले यावर घरच्या माणसाची नजर, या तीन गोष्टी तिच्यात होत्या. पुढे सरकारी रुग्णालयांत रुग्णागणिक वजनाने ठरवून दिलेला आहार आला. त्यामुळे जातीचा प्रश्न मागे हटला, गरिबाला हक्काचे जेवण मिळू लागले, पण ती नजर हरवली.

या इतिहासातील सर्वांत बोलका धडा क्षयरोगाचा आहे. सांगली-मिरज दरम्यानच्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. प्रभावी औषध उपलब्ध नसलेल्या त्या काळात जगभरच्या अशा आरोग्यधामांत मोकळी हवा, विश्रांती आणि भरपूर सकस अन्न हाच उपचार असे. दूध, अंडी आणि वाढते वजन यांच्या नोंदी डॉक्टर स्वतः पाहत. स्ट्रेप्टोमायसीन, आयसोनियाझिड आणि पॅस ही औषधे आल्यानंतर चित्र पालटले. मद्रास येथे करण्यात आलेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले, की घरी राहून, तुलनेने निकृष्ट आहार घेऊनही, नियमित औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात. हा निष्कर्ष लाखो गरीब रुग्णांसाठी वरदान ठरला आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. त्यातून निघालेला दुसरा अर्थ मात्र घातक होता: औषध पुरेसे असेल तर अन्न गौण आहे. एका रोगापुरता काढलेला हा अर्थ हळूहळू साऱ्या रुग्णालयीन व्यवहारात झिरपला आणि स्वयंपाकघर वैद्यकीय विभागापासून दुरावून साफसफाई व कपडेधुलाई यांच्या रांगेत गेले, असे माझे मत आहे.

त्याची दुरुस्ती व्हायला सहा दशके लागली. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना धान्य-डाळी देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार पोषण सुधारल्याने कुटुंबीयांना क्षयाची लागण होऊन आजार होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. अन्नाला औषधाच्या पंगतीत पुन्हा जागा मिळाली, ती अशी.

ताटातील धान्य कसे बदलले, ही याच कथेची दुसरी बाजू आहे. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेने १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली आणि सरकारी संस्थांमधील आहार शास्त्रीय आधारावर आखणे शक्य झाले. परंतु १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाल्यानंतर सरकारी खरेदीचा भर गहू आणि तांदूळ यांवर राहिला, तर कृष्णाकाठी सिंचन वाढले तसा ऊस पसरला. माण, खटाव, जत आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत जमिनीतील ओलाव्यावर येणारी शाळू ज्वारी शेतात राहिली, पण संस्थांच्या ताटातून जवळजवळ गेली. जावळी-पाटणच्या डोंगरातील नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तरीही बाळंतिणीच्या सरकारी ताटात ती क्वचितच दिसते.

या ताटाला कायद्याचे व योजनांचे बळ अलीकडे मिळाले. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सामान्य प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस मोफत आहार देणे बंधनकारक झाले. अन्नसुरक्षा कायद्याचे नियम त्याच वर्षी ऑगस्टपासून लागू झाल्याने रुग्णालयांची स्वयंपाकघरेही परवाना आणि तपासणीच्या कक्षेत आली. अनेक ठिकाणी स्वयंपाक ठेकेदाराकडे गेला. ठेक्यात प्रतिरुग्ण दर आणि पदार्थांचे वजन लिहिलेले असते. ताटात काय उरले, हे कोणी विचारत नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न १९७४ मध्ये ऐरणीवर आला. रुग्णालयात राहूनच रुग्ण कुपोषित होतात आणि वजनाची साधी नोंदही होत नाही, असे तेव्हा एका अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिले. अलीकडे न्यूयॉर्कच्या सरकारी रुग्णालयांनी २०२२ पासून शाकाहारी जेवण हाच पहिला पर्याय ठेवला आणि आहारातून होणारे कार्बन उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. हा नमुना आपल्याकडे जसाच्या तसा आणणे मात्र चुकीचे ठरेल. आपल्या सरकारी रुग्णालयांतील ताट बहुतांशी शाकाहारीच आहे आणि त्यात प्रथिनांची तूट आहे. अंडे, दूध आणि घट्ट डाळ वाढवणे ही येथील गरज आहे, आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा तर शेजारीच पिकतो.

पर्यावरणाचा भार येथे वेगळ्या ठिकाणी आहे. संध्याकाळी लवकर वाढलेले जेवण थंड होते, रात्री घरचा डबा येतो आणि रुग्णालयाचे ताट कचऱ्यात जाते. जून २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, तेव्हा स्टीलच्या ताटांकडे परतणे सोपे वाटले होते. पण त्यासाठी गरम पाणी आणि भांडी घासणारी माणसे लागतात व त्यांची तरतूद दरात नसते. उरलेल्या अन्नापासून गॅस तयार करणारे छोटे संयंत्र पुण्याच्या आरती संस्थेने विकसित केले आणि त्यासाठी २००६ मध्ये तिला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यासाठी ते उपयोगी आहे. संसर्गजन्य कक्षांतील उष्टे अन्न मात्र वेगळ्या नियमांनी हाताळावे लागते.

ज्वारी परत आणायची तर भाकरीची अडचण मान्य केली पाहिजे. शेकडो भाकऱ्या थापणे कष्टाचे असते आणि गार झाल्यावर त्या कडक होतात. अशक्त किंवा दात नसलेल्या रुग्णाला त्या चावत नाहीत. ताकातल्या ज्वारीच्या कण्या आणि नाचणीची आंबील मोठ्या पातेल्यात शिजतात, मऊ असतात आणि दोन्ही जिल्ह्यांतील वृद्धांना परिचयाच्या आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डाळी आणि भरडधान्ये मोजूनच द्यावी लागतात, म्हणून आहारतज्ज्ञाचे पद भरलेले असणे आणि ठेक्याच्या अटी लिहिताना त्याची सही आवश्यक असणे, ही या साऱ्या सुधारणांची पहिली अट आहे.