पेशी मेली की नुसती वाढायची थांबली?

गुग्गुळ, सालई, हिराबोळ अशा राळेच्या अर्काने प्रयोगशाळेत ‘कर्करोगाच्या ७५ टक्के पेशी मारल्या’, अशी वाक्यं सर्रास वाचायला मिळतात. रुग्णाच्या घरची माणसं ती मोठ्या आशेने वाचतात, म्हणून हा फरक सांगायलाच हवा: पेशी मारणं वेगळं आणि पेशींची वाढ रोखणं वेगळं. नेहमीच्या चाचणीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

ही नेहमीची चाचणी म्हणजे १९८३ साली प्रसिद्ध झालेली एमटीटी. बारीक खळग्यांच्या थाळीत पेशी वाढवतात, त्यांना अर्क देतात आणि दोन-तीन दिवसांनी एमटीटी हे पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात. जांभळा रंग फिका, तर जिवंत पेशी कमी. पण कमी कशाच्या मानाने? अर्क न दिलेल्या खळग्याच्या. घोळ होतो तो इथेच.

समजा, सुरुवातीला प्रत्येक खळग्यात १०,००० पेशी होत्या. ४८ तासांत अर्काविना त्या ४०,००० झाल्या आणि अर्क दिलेल्या खळग्यात १०,०००च राहिल्या. तुलनेने उरल्या २५ टक्के, म्हणून बातमीत ‘७५ टक्के मेल्या’. प्रत्यक्षात एकही पेशी न मरता हे घडू शकतं. विभाजन थांबलं की पुरे. २०,००० उरल्या असत्या, तर ‘निम्म्या मेल्या’ असं छापून आलं असतं, आणि त्या तर दुप्पट झालेल्या! ५,००० उरल्या तर मात्र मरण नक्की, कारण आता त्या सुरुवातीपेक्षाही कमी आहेत.

म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ६० पेशीवाणांवरच्या (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या कर्करोगाच्या पेशींच्या ६० प्रकारांवरच्या) चाचणीत औषध घालतेवेळच्या पेशीही मोजतात. त्यातून तीन आकडे निघतात: जीआय५० म्हणजे वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, टीजीआय म्हणजे वाढ पूर्ण थांबवणारी, आणि एलसी५० म्हणजे मुळातल्या निम्म्या पेशी मारणारी. शोधनिबंधात एकटा आयसी५०, म्हणजे अर्क न दिलेल्या खळग्याच्या मानाने आकडा निम्म्यावर आणणारी मात्रा, दिला असेल, तर यातलं काय घडलं ते त्यावरून कळत नाही.

राळेची स्वतःची कटकट वेगळी. ती पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ किंवा अल्कोहोल वापरावं लागतं, आणि प्रमाण वाढलं की हे द्रावकच पेशींची वाढ रोखतात. तेवढंच द्रावक घातलेला, पण अर्क नसलेला खळगा शेजारी हवाच. शिवाय वनस्पतींच्या अर्कांतले काही घटक पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात.

मरण दाखवायचं तर ट्रायपॅन ब्लूने मेलेल्या पेशी रंगवून मोजाव्या लागतात, किंवा मरणाच्या वाटेवरच्या पेशी ओळखणारी अ‍ॅनेक्झिन-व्हीची चाचणी करावी लागते. नुसती वाढ थांबली असेल, तर अर्क धुऊन काढल्यावर पेशी पुन्हा वसाहती करतात का, ते पाहतात.

‘निरोगी पेशींना धक्का लागला नाही’ हा दावाही याच कारणाने तपासून घ्यावा. निरोगी पेशी अनेकदा हळू वाढतात. त्या ४८ तासांत १०,००० वरून १२,००० वरच जाणार असतील, तर अर्काने त्यांची वाढ पूर्ण थांबवली तरी चाचणीत ८३ टक्के ‘जिवंत’ दिसतात.